डाव्या हाताची करंगळी

॥ श्री ॥
बेलाटोला, पोस्ट तिरोडा, जि. भंडारा
दि. १२ जून १९५६

ती. गोवर्धनदादा यांस,
धाकट्या सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि.

आधी खुशाली लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. घरात सगळे बरे आहेत. म्हैस व्याली, पारडू झालं. हे धानाच्या बांध्या नीट करण्यात गुंतले आहेत. मंदा दीड वर्षाची झाली, भिंत धरून धावते. मी मात्र बरी नाही, दादा. अडीच महिने झाले, मी गोठ्याच्या पडवीत राहून राहिली आहे.

दिवाळीपासून माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळत चाललं होतं. बधिर झालं होतं. मी म्हटलं, थंडी आहे, जाईल. मग चैत्रात एक दिवस सासूबाई आणि मी चुलीशी बसून भाकरी करत होतो. जळल्याचा वास आला. सासूबाईंनी भाकर पाहिली, ती चांगली होती. मग माझ्याकडे पाहिलं, तर माझी करंगळी तव्याला टेकलेली. कातडी जळून राहिली होती आणि मला पत्ता नाही! त्यांनी हात ओढला तेव्हा मला कळलं. त्या उठल्या, मंदाला उचललं आणि आतल्या खोलीत गेल्या.

त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं म्हणे. आधी बोटं वाकली, मग भाजलेलं कळेना. गावानं त्याला नाल्यापलीकडे झोपडी बांधून दिली. सासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. रोज भाकर न्यायची, दगडावर ठेवायची आणि मागे सरायचं, एवढंच काम. तो माणूस तिथंच मेला. हे ऐकल्यावर मी त्यांना काय बोलू, तूच सांग.

गोंदियाच्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं माझं कोपर चाचपलं. नस दोरीसारखी जाड लागते म्हणाला, आणि लहानपणी इथं कधी मार लागला होता का म्हणून विचारलं. दादा, माझ्या तोंडात आलं होतं. पण तुझी आण आठवली. मी मान हलवली, नाही म्हणाली. त्यानं चिठ्ठीत महारोगाचा संशय लिहिला आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला. नागपूर राहिलं बाजूला, आम्ही घरी परतायच्या आधीच चिठ्ठी गावभर झाली. तेव्हापासून माझं ताट वेगळं, लोटा वेगळा, आणि माझी पोर अंगणाच्या त्या टोकाला. हात पसरून माझ्याकडे यायला बघते, तर सासूबाई पदराआड घेतात.

बारा वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दिवसांत छकडा उलटला, तेव्हा मातामायच्या ठाण्यावर तू माझ्या डोक्यावर हात ठेवून आण घातली होतीस. हे कोणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील, असं म्हणाला होतास. मी नऊ वर्षांची होती. आज माझी स्वतःची पोर आहे, तरी ती आण मोडायची माझी छाती होत नाही. एकुलता एक भाऊ आहेस. ज्यानं आण घातली त्यानंच ठाण्यावर पाणी सोडून ती उतरवायची असते. तर जा आणि उतरव. मला मोकळी कर, मग बघ मी डॉक्टरला काय काय सांगते ते.

वहिनीला नमस्कार. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
सत्यभामा


॥ श्री ॥
गोंदिया
दि. १७ जून १९५६

चि. सौ. सत्यभामा हीस,
गोवर्धनाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. वाचून जेवण गोड लागले नाही. तुझ्या वहिनीने काय झाले म्हणून विचारले, तिला डोके दुखते म्हणून सांगितले. शाळेत उद्यापासून नवीन वर्ग सुरू होत आहेत, हेडमास्तर रजा देतील असे दिसत नाही. तरी तुझ्यासाठी जे जमेल ते करीनच.

मला असे सुचते की तू काही दिवस आमच्याकडे येऊन राहा. दोन खोल्या आहेत, अडचण सोसू. दुसरे, डॉक्टरला मार लागला होता एवढेच सांगायचे असेल तर बोरीच्या झाडावरून पडले असे सांग. त्यात छकड्याचे नाव येत नाही आणि आणही मोडत नाही. बाबूजींचे वय झाले आहे. मोऱ्या बैलावर त्यांचा किती जीव होता हे तुला ठाऊक आहे. बारा वर्षांनंतर ते सगळे उकरून कोणाचे भले होणार?

नीट विचार कर. मंदाला गोड पापा. भावावरची माया कमी करू नये.

तुझा,
गोवर्धन


॥ श्री ॥
बेलाटोला
दि. २१ जून १९५६

ती. दादा यांस शि. सा. न.

मास्तर झालास आणि अक्कल गहाण टाकलीस का रे? बोरीचं झाड म्हणे! आपल्या अंगणात कधी बोर होती का? चिंच होती, आणि ती मी चढत नव्हती, हे बाबूजींना ठाऊक आहे.

आणि ऐक, तुला कळवायचं राहिलं. सासूबाई स्वतः बैलगाडी करून आपल्या खैरटोल्याला जाऊन आल्या. सुनेला हाकलायला कारण शोधून राहिल्या असं तुला वाटेल, पण नाही. त्या बाबूजींकडे गेल्या त्या आशेनंच. हात मोडला होता असं बाबूजी म्हणाले असते तर त्यांनी मला त्याच दिवशी घरात घेतलं असतं. बाबूजींनी काय केलं? मातामायची शपथ घेऊन सांगितलं, माझ्या पोरीचा हात कधी मोडला नाही, लहानपणी एकदा मुरगळला होता, महिन्याभरात बरा झाला. त्यांना आपण तेच सांगितलं होतं ना! त्यात ते खोटं काय बोलले? आता मी बोरीवरून पडली म्हटलं, तर रोग लपवायला माहेरची पोरं झाड उगवून राहिली, असंच सगळे म्हणतील.

हाड मोडलेलं एकानंच पाहिलं होतं, आपल्या गड्यानं, इतवारीदादानं. त्यानंच कामट्या बांधल्या, पाला लावला आणि महिनाभर रोज गुपचूप पट्टी बदलायला येत राहिला, बाबूजींनी कामावरून काढून टाकल्यावरही. इतवारीदादाला साक्षीला आणायचं तर त्याला कायले काढलं होतं हे सांगावं लागेल. ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. दुसरी वाट नाही.

मला गोंदियाला बोलावतोस. तिथं येऊन काय करू? तुझ्या पोरांपासूनही दूर बसू? मी या घरात लग्न करून आली, इथून मंदाला कडेवर घेतल्याशिवाय हलणार नाही. तुला बाबूजींची भीती वाटते, मला माझ्या पोरीची वाटते. ती काल सासूबाईंना माय म्हणाली. मी ऐकलं. गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगावर डोकं टेकून रडली, काय करू!

हे बिचारे दोन्हीकडून पिसून राहिले आहेत. रात्री अंगणात येऊन बसतात, बोलत काहीच नाहीत, पण बसतात.

आठ दिवस देते. आठ दिवसांत पाणी सोडलंस असं पत्र आलं तर भाऊबीजेला ओवाळीन. नाही आलं तर मी आण मोडीन आणि तुला काही झालं तर जन्मभर रडेन, पण मोडीन.

राग धरू नको, धरलास तरी चालेल.

सत्यभामा


॥ श्री ॥
गोंदिया
दि. २७ जून १९५६

तीर्थस्वरूप बाबूजींचे चरणी,
गोवर्धनाचा साष्टांग नमस्कार.

काल मी गावात येऊन गेलो. मातामायच्या ठाण्यावर पाणी सोडले आणि घराच्या फाटकापर्यंत आलो. तुम्ही ओसरीत बसून दोर वळत होता. मला पाय उचलेना. तसाच मागे फिरून कोहमाऱ्याला आलो आणि मोटार पकडली. तोंडाने सांगायचे धैर्य झाले नाही ते आता कागदावर लिहीत आहे.

ज्या वर्षी आपली बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत पळायची होती, त्या संक्रांतीच्या चार दिवस आधी तुम्ही साकोलीला गेला होता. मी चौदा वर्षांचा होतो. दुपारी मी पाखऱ्या आणि मोऱ्या पटाच्या छकड्याला जुंपले. मी हलका, छकडा मागून उडायचा, म्हणून वजनाला सत्यभामेला मागे बसवले. बाईमाणसाने पटाच्या छकड्याला हातही लावू नये ही आपल्याकडची रीत मला माहीत होती. तरी बसवले. ती नको म्हणत होती.

खालच्या बांधीत चाक कडेच्या धुऱ्यावर चढले आणि छकडा उलटला. मोऱ्याचा पाय मोडला. सत्यभामा डाव्या कोपरावर पडली, हाड बाहेरून दिसण्यासारखे सरकले होते. इतवारी धावत आला. त्याने तिला उचलले, मी बैलाजवळ रडत बसलो. तुम्ही परत आल्यावर मी सांगितले की इतवारीने बैल पाण्याला नेले आणि त्याच्या हातून सुटले. तुम्ही त्याला चाबकाने मारले. तो बोलला नाही. छकड्यावर पोर बसली म्हणून बैल गेला असे गावाने म्हटले असते, आणि तिला जन्मभर अवलक्षणी ठरवले असते, म्हणून तो गप्प राहिला. त्याने मला तसे सांगितले होते. आणि मी त्याच्या गप्प राहण्याआड लपून बसलो.

आज त्याच कोपरामुळे तिची बोटे वाकली आहेत. तिला रोग नाही. तुम्ही तिच्या सासूबाईंपुढे जी शपथ घेतली ती माझ्या खोटेपणावर घेतली. शिक्षा काय द्याल ती द्या. पण आधी तिचे काही करा, बाबूजी. माझ्याने एकट्याने होत नाही.

आपला,
गोवर्धन


श्री
खैरटोला
ता. ९ जुलै ५६

गोवर्धन यास भैयाजी पटले याचे आशीर्वाद. देऊ का नको असं झालं होतं, पण बाप आहो.

तुहं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. हे पत्र मी सोता लिहून रायलो, कोणाकडून लिहून घेण्यासारखं नाही. अक्षर लागलं नाही तर तुह्या शाळेतल्या पोरायकडून वाचून घे, लाज वाटली तर वाटू दे.

मोऱ्या मेला त्याचं दुख मले होतं. ते तुहं पत्र येईपर्यंत होतं, आता नाही. बैल बैल होता. त्या माणसाले मी जनावरासारखा मारला अन् तू पाहत उभा होता, हे मले झोपू देऊन रायलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. इतवारी नागझिऱ्याच्या जंगलात लाकूडकटाईवर आहे, हे गावातल्या मंगरूकडून कळलं. दोन दिवस पायी फिरलो, पावसानं झोडपलं. भेटला तो. केस पांढरे झाले त्याचे. मी काही बोलायच्या आधी त्यानं इचारलं, पोरीचा हात कसा आहे. बारा वर्सानं पहिला शब्द हा! मी सगळं सांगितलं अन् त्याच्या पाया पडाले वाकलो तर त्यानं खांद्याले धरून उभा केला अन् म्हणाला, मालक, पाया पडून हात बरा होत नाही, नागपूरले जाऊ. लगेच कुऱ्हाड झोपडीत ठेवून माह्यासंगं निघाला. माफ केलं का म्हणून इचारलं, तर म्हणे गोवर्धनानं येऊन इचारावं, तुमी कायले इचारता.

बेलाटोल्याले गेलो. इहीणबाईपुढं माही शपथ मागं घेतली. चारचौघांत घेतली, जशी दिली होती तशीच. त्या म्हणाल्या, डागदर सांगल तवा पाहू. बरोबर आहे त्यायचं. माह्या एका बोलण्यावर दुसऱ्या खेपेस काऊन भरोसा ठेवावा?

पटाचा छकडा बारा वर्सं गोठ्याच्या माळ्यावर पडला होता. तो उतरवला, वंगण घातलं अन् बेलाटोल्याले नेला. त्यातच सत्यभामेले बसवून तिरोड्याच्या टेसनावर नेलं. ती नको म्हणत होती, मी म्हटलं बस. सगळ्या गावानं पाह्यलं. कोणाचा बैल मेला नाही.

आमी नागपुरात आहो. तू ये. आधी इतवारीपुढं उभा राह्य, मंग माह्यापुढं. तवर घराच्या फाटकातून मागं फिर, तुले सवय आहे.

भैयाजी


॥ श्री ॥
नागपूर
दि. १८ ऑगस्ट १९५६

ती. रुख्माआई यांचे चरणी,
गोवर्धनाचा शि. सा. नमस्कार. हे पत्र आपले चिरंजीव श्यामलालजी यांनी आपणांस सावकाश वाचून दाखवावे ही विनंती.

सत्यभामेचे ऑपरेशन मंगळवारी झाले. तिची प्रकृती चांगली आहे. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा मंदाने दूध घेतले का म्हणून विचारले. दुसऱ्यांदा मी दाढी काऊन केली नाही म्हणून मला रागावली. यावरून ती ठीक आहे हे आपण ओळखालच.

आपल्या मनातली शंका आधी फेडतो. कानाच्या पाळीतून आणि हातावरून नमुना घेऊन दोनदा तपासला. महारोगाचे जंतू नाहीत. अंगावर कुठे डाग नाही. कोपराचा फोटो काढला, त्यात जुने मोडलेले हाड वाकडे बसलेले स्पष्ट दिसते. इतवारीदादाने कामट्या कशा बांधल्या होत्या ते डॉक्टरांना त्यांच्याच हातावर बांधून दाखवले. डॉक्टर म्हणाले की या माणसाने बांधले नसते तर हात पूर्ण गेला असता, खेड्यात राहून एवढे केले हेच पुष्कळ. ऐकून इतवारीदादा लाजला आणि बाहेर जाऊन विडी ओढत बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. माफी मागितली. त्याने अर्धी विडी माझ्यापुढे केली. मी विडी ओढत नाही, पण ओढली.

आता रोग काय होता ते डॉक्टरांनी समजावले तसे लिहितो. करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या मागून जाते. हाड वाकडे जुळले, त्यामुळे हात वाकवला की नस घासायची. बारा वर्षे ती घासत राहिली आणि तिच्याभोवती जखमेची चिवट साल धरत गेली. त्या सालीत नस आवळली गेली, म्हणून बोट बधिर. कडक झालेल्या गाळातून धानाचे परे उपटताना मुळे तुटू नयेत म्हणून आपण गाळ बोटांनी सोडवतो ना, तसे डॉक्टरांनी दोन तास बसून ती नस सालीतून मोकळी केली. मग मागच्या खाचेतून काढून कोपराच्या पुढच्या बाजूस मांसाखाली ठेवली, म्हणजे पुन्हा घासायला नको.

जे बिघडले ते सगळे परत येईल असा शब्द डॉक्टर देत नाहीत. नस फार हळू सुधारते. होळीपर्यंत वाट पाहा म्हणतात. तोवर बधिर बोट विस्तवापासून जपायचे.

आपण आपल्या भावाला दगडावर भाकर ठेवत होता, हे सत्यभामेने मला सांगितले. आपली भीती खोटी नव्हती. खोटा मी होतो, आणि त्याची शिक्षा आपल्या घराने भोगली. रागवावे, पण मोठ्या मनाने आशीर्वादातून वगळू नये.

आपला,
गोवर्धन पटले


॥ श्री ॥
बेलाटोला
दि. १७ मार्च १९५७

ती. गोवर्धनदादा यांस,
सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि.

बाबूजी आता तुझ्याशी बोलून राहिले आहेत हे वहिनीच्या पत्रातून कळलं. म्हणजे तुला शिव्या देऊन राहिले असतील, त्यांचं बोलणं तेच. इतवारीदादाला खालची बांधी कसायला दिली, हेही कळलं. त्यानं आधी नाही म्हटलं आणि मग धुरा कुठवर आहे ते नीट मोजून घेतला म्हणे! मला फार हसू आलं.

इकडचं तुला सगळं लिहिलं नव्हतं. दवाखान्याचा कागद घेऊन मी आली, यांनी तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी मला घरात घेतलं, ताट घरातलं दिलं. पण मंदाला नाही दिलं. मी भांडली. या वेळी गप्प बसली नाही, दादा, तोंडाला तोंड दिलं. तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्या भावालाही बरा झाला म्हणून कागद दिला होता, कागदाला चटका लागत नाही, बोटाला लागतो. तुझ्या बोटाला लागेल त्या दिवशी पोर घे. मग कोपर सरळ करायचं, बोटं ताणायची, सांगितलं तसं रोज शंभरदा करत राहिली. तुरीच्या दाण्यांत हात घालून करंगळीनं एकेक दाणा वर काढायचा. एक दाणा यायला आधी माझा अर्धा दिवस जायचा. पौषात मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. मी कोणाला सांगितलं नाही. आशा सांगितली की नासते.

परवा होळी झाली. काल सासूबाई आणि मी चुलीशी बसलो होतो, भाकरीच करत होतो. मंदा आतल्या खोलीत चिंध्यांची बाहुली घेऊन गाणं म्हणत होती, आणि माझं अर्धं ध्यान तिकडे. तवा सरकला. मी डाव्या हातानं धरायला गेली आणि जी किंचाळली, ती शेजारची सुलोचनाबाई धावत आली! आई गं, मेली गं, असं ओरडून मी करंगळी तोंडात घातली. डोळ्यांतून पाणी आलं.

सासूबाई माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या. त्यांनी माझा हात ओढून घेतला, करंगळी नखानं दाबली. मी पुन्हा ओरडली. त्यांनी पुन्हा दाबली. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्यावर खेकसली, दुखते म्हणते ना, सोडा! तर त्या रडायला लागल्या, दादा. मोठ्यानं, लहान पोरीसारख्या. भावाचं नाव घेऊन रडल्या. तो घरात होता तोवर त्याच्या बोटाला मी किती दिवस चटका लावून पाहिला, म्हणाल्या, एकदा तरी ओरडेल म्हणून.

मग उठल्या, आत गेल्या आणि मंदाला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. ती आधी बिचकली. बारा महिन्यांत मला लांबूनच पाहिलं तिनं. मग तिनं माझं बोट पाहिलं, लाल झालेलं, आणि त्यावर फुंकर घातली. आजी घालते तशी.

बोट थोडं वाकडंच राहील असं डॉक्टर म्हणालेच होते, ते राहिलं. भाऊबीजेची ओवाळणी मागच्या दिवाळीला दिली नाहीस, ती मी विसरली नाही, व्याजासकट घेईन. आता मंदा माझ्या मांडीवर झोपली आहे म्हणून उजव्या हातानं लिहून राहिली आणि डाव्यानं तिला थोपटून राहिली. करंगळीवर हा एवढा फोड आला आहे. दुखते, दादा. फार दुखते.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
सत्यभामा